घोड्याच्या पाठीची फी घेता, मग ती पाठ बघणार कोण?

प्रति,
राज्यातल्या गिरिस्थानांवर घोड्यांचे परवाने देणारे, त्यांची फी जमा करणारे आणि त्यांच्या उभं राहण्याच्या जागेबद्दल निर्णय घेणारे सर्व पदाधिकारी आणि अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

आमच्या गावातल्या घोडा स्टँडच्या मागची मातीची मोकळी जागा सुशोभीकरणाला द्यायचं ठरलं आहे. तिथं पेव्हर ब्लॉक बसतील, बाकं येतील आणि गावाच्या नावाची ती मोठमोठ्या अक्षरांची, फोटो काढायची पाटी उभी राहील. हरकत घ्यायला गेलेल्या घोडेवाल्यांना सांगण्यात आलं की त्या जागेत घोडे नुसते लोळतात, जागा वाया जाते. त्याच जागेत घोड्यांसाठी विसाव्याची शेड आणि फिजिओथेरपीची सोय करावी असा अर्ज आम्ही दिला होता. तो चैनीचा ठरवून बाजूला ठेवला गेला. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एका कार्यालयाशी भांडण काढायचं नाही आणि डोंगर बदलला म्हणून चित्र फार बदलतं असंही नाही.

मी माणसांची फिजिओथेरपिस्ट आहे. माझे वडील घोडेवाले होते. माझ्या कॉलेजची फी घोड्यांच्या पाठीवरूनच आली, त्यामुळे या विषयात मी तटस्थ नाही हे आधीच सांगून टाकते. आज माझ्याकडे येणाऱ्या पेशंटांत निम्मे-अधिक घोडेवालेच असतात. घोड्याबरोबर चढ-उतार पळून गुडघे गेलेले, कंबर धरलेली. मालकाच्या कमरेसाठी मी आहे. ज्या कमरेवर दोघांचं पोट चालतं तिच्याकडे बघायला कोणी नाही.

लोळण्याबद्दल आधी बोलू, कारण निर्णय त्यावरून झाला आहे. खोगीर उतरलं की घोडा माती हुंगतो, गुडघे मोडून खाली बसतो, या कुशीवरून त्या कुशीवर होतो, उठतो आणि सगळं अंग झटकतो. घामानं चिकटलेले केस सुटतात, खोगिराखाली आवळून राहिलेली कातडी मोकळी होते, पाठीचा कणा दोन्ही बाजूंना वळतो. हे त्याचं स्वतःचं मालिश आहे आणि त्याला कुणी शिकवायला लागत नाही. कामावरून आलेला घोडा लोळला नाही तर वडील काळजीत पडायचे, पोटात दुखतंय का बघायचे. (वारंवार, अस्वस्थपणे लोळणं हेही पोटदुखीचं लक्षण असतं, ते वेगळं.) त्यासाठी लागते ती कोरडी, मऊ जमीन. ब्लॉकवर घोडा लोळत नाही. लोळायला गेलाच तर कोपरं आणि कमरेची हाडं सोलून घेतो.

आता तक्रारी. एकेक सांगते.

पहिली परवान्याच्या तपासणीबद्दल. परवाना देताना घोडा उभा करतात, दात बघून वय लिहितात, रंग आणि खुणा लिहितात, शिक्का मारतात. घोडा चालवून कुणी बघत नाही. कठीण सपाट जमिनीवर सरळ रेषेत चालवला, मग दुडक्या चालीनं नेला, की लंगड लपत नाही. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं, मागचा दुखत असेल तर पुठ्ठा (कमरेमागचा, शेपटीकडचा भाग) एका बाजूला जास्त उचलला जातो. पाठीवरून दोन्ही बाजूंनी तळवा दाबत नेला की दुखऱ्या जागी कातडी थरथरते, घोडा पाठ खाली दबवतो, कान मागे टाकतो. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. शिवाय घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची पद्धत युरोपातल्या संशोधकांनी २०१४ साली मांडली आहे. मागे ताठ वळलेले कान, आवळलेल्या पापण्या, डोळ्यावर ताणलेला भाग, घट्ट जबडा, ताणलेल्या नाकपुड्या. चेहऱ्यावरच्या अशा सहा गोष्टींना गुण द्यायचे. त्याला यंत्र लागत नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारी कुठल्याही स्टँडवर उभं राहून हे बघा. मग ‘आमचे घोडे धडधाकट आहेत’ हे वाक्य अहवालात लिहिताना हात थांबेल.

दुसरी वजनाची. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारनं १९६५ साली नियम केले. त्यात तट्टाच्या पाठीवर जास्तीत जास्त ७० किलो आणि खेचराच्या पाठीवर २०० किलो ओझं, अशी मर्यादा आहे. ती सामानाची. स्वाराच्या वजनाबद्दल आमच्या स्टँडवर एक अक्षर लिहिलेलं नाही. डोंगरावरचा साधा देशी घोडा तीनशे-साडेतीनशे किलोचा असतो. घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांपर्यंतचा भार त्याला झेपतो असं जगभर धरतात, आणि त्यात खोगीरही आलं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात २००८ साली स्वारीच्या घोड्यांवर १५, २०, २५ आणि ३० टक्के भार ठेवून तपासलं, तेव्हा वरच्या दोन भारांना स्नायू दुखावल्याच्या खुणा वाढलेल्या दिसल्या. म्हणजे २० टक्क्यांच्या हिशेबानं तीनशे किलोच्या घोड्यावर साठ किलो, खोगिरासकट. स्टँडवर काय चालतं ते तुम्हालाही माहीत आहे. नव्वद किलोचे काका आणि त्यांच्या पुढ्यात नातू. घोडेवाला नाही म्हणाला तर गिऱ्हाईक शेजारच्याकडे जातं. म्हणून हे त्याच्या एकट्याच्या चांगुलपणावर सोडता येत नाही. नियम स्टँडवरच्या पाटीवर हवा आणि शेजारी वजनकाटा हवा.

उताराचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे सपाट रस्ता कुठे आहे? घोड्याला आपल्यासारखं कॉलर बोन नसतं. पुढचे पाय धडाला हाडाच्या सांध्यानं जोडलेले नसतात. छातीचा पिंजरा दोन खांद्यांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत ठेवल्यासारखा असतो. नुसता उभा असतानाही साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या पायांवर असतं, उतारावर ते आणखी वाढतं. त्यात घाबरलेला पर्यटक मागे रेलतो आणि खोगिराची मागची कड घोड्याच्या कमरेत रुतते. तिथं खाली आधाराला बरगड्या नाहीत. पॉइंटवरून परतणाऱ्या घोड्याची छाती आणि खांदे चाचपून बघा, दगड लागतात हाताला.

तिसरी खोगिराची, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. त्याच १९६५ च्या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की खोगिराची कमान आणि मान संपून पाठ सुरू होते तिथला उंचवटा, या दोहोंत पुरेशी मोकळी जागा राहिली पाहिजे, खोगीर थेट त्यावर टेकता कामा नये. साठ वर्षांपूर्वीचा नियम. आमच्याकडे एकच खोगीर हंगामात तीन घोड्यांच्या पाठीवरून फिरतं. आतलं भरण दबून फळकुटासारखं झालेलं असतं, वरून चादर टाकली की दिसत नाही. तांबूस घोड्याच्या त्या उंचवट्यावर पांढऱ्या केसांचा ठिपका दिसला की पर्यटकांची मुलं विचारतात, किती छान, हा जन्मापासून आहे का? खोगिरानं सतत दाबून तिथलं रक्त तोडलं, केसांचा रंग तयार करणाऱ्या पेशी मेल्या, म्हणून तो पांढरा आला. परवान्याच्या कागदावर हा ठिपका ‘ओळखीची खूण’ म्हणून लिहिलेला मी वाचला आहे.

घोडेवाल्यांची यात चूक नाही असं मी म्हणणार नाही. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, जरुरीपेक्षा जास्त आवळणारे आहेत, दोन स्वाऱ्यांच्या मध्ये तो सैल न करणारे आहेत. पण माप घेऊन खोगीर भरून देणारा कारागीर डोंगरावर कोणी ठेवलेला नाही आणि नवं खोगीर घेण्याइतके पैसे पावसाळ्यानंतर हातात उरत नाहीत. चार महिने धंदा बंद असतो, चारा बंद नसतो.

चौथी झोपेची. घोडा उभ्यानं झोपतो असं शाळेत शिकवतात, ते अर्धं खरं आहे. पायांच्या सांध्यांत कुलूप लागावं अशी रचना असल्यामुळे तो उभ्यानं डुलकी काढू शकतो. पण स्वप्नं पडतात ती गाढ झोप त्याला आडवं झाल्याशिवाय मिळत नाही, कारण त्या झोपेत स्नायू पूर्ण सैल पडतात. रोज थोडा वेळ का होईना, ती लागतेच. त्यासाठी कोरडं ठाण, अंग पसरायला जागा आणि सोबतीला दुसरा एखादा जागा घोडा असावा लागतो. आखूड दोरीनं भिंतीला बांधलेला, पिछाडी (मागच्या पायांना बांधायची दोरी) लावलेला, पावसात चिखलात उभा असलेला घोडा आडवा होत नाही. आठवडेच्या आठवडे असं गेलं की तो उभ्या उभ्या कोसळू लागतो, सावरतो, पुन्हा कोसळतो. पुढच्या पायांच्या खालच्या सांध्यांवर समोरून झालेल्या जखमा नेहमी रस्त्यावर घसरल्याच्या नसतात. काही या झोपेच्या असतात. तुमच्या नोंदीत सगळ्या ‘घसरून पडला’ या एकाच रकान्यात जातात.

पाचवी रस्त्यांची. त्यावर फार लिहीत नाही, कारण माथेरानच्या पेव्हर ब्लॉकचं प्रकरण घोडेवाल्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं, ते सगळ्यांनी वाचलं आहे. जांभ्याच्या मातीत लोखंडी नाल रुततो, गुळगुळीत ब्लॉकवर घसरतो, विशेषतः शेवाळ धरल्यावर. नालबंदाची तक्रारही थोडक्यात: सहा ते आठ आठवड्यांनी खूर छाटून नाल बदलायला हवा, आणि तरुण नालबंद तयार होत नाहीत.

आता ‘चैन’ या शेऱ्याकडे येते. घोड्याला फिजिओथेरपी म्हटलं की कार्यालयात हसू फुटतं. पोहण्याचे तलाव आणि लेझरची यंत्रं शर्यतीच्या घोड्यांसाठी असतात, आम्ही ती मागितलेली नाहीत. मागितलं ते बरंचसं आपल्याच पागांमधून चालत आलेलं आहे. पहिल्या स्वारीआधी दहा मिनिटं मोकळं चालवणं. शेवटच्या स्वारीनंतर तंग एकदम न सोडता एकेक घर सैल करत थोडं फिरवणं, मग खोगीर उतरवणं. सकाळ-संध्याकाळ खरारा, म्हणजे ब्रशनं अंग घासणं. सुक्या गवताचा मुठा वळून मान, खांदा आणि पुठ्ठ्यावर केसांच्या दिशेनं रगडणं, कण्याच्या हाडावर कधीही नाही. काम संपल्यावर गुडघ्याखाली पंधरा-वीस मिनिटं थंड पाणी.

यात नव्या अभ्यासानं भर घातली आहे. गाजराचा तुकडा दाखवून घोड्याला मान स्वतःहून वळवायला लावायची: हनुवटी छातीला, मग दोन गुडघ्यांच्या मध्ये, मग बाजूला तंगाच्या जागेपर्यंत, कमरेपर्यंत, मागच्या पायाच्या सांध्यापर्यंत. प्रत्येक ठिकाणी काही सेकंद थांबवायचं, दोन्ही बाजूंना पाच-पाच वेळा. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात तीन महिने हा व्यायाम दिलेल्या घोड्यांच्या कण्यालगतचे खोल स्नायू जाड झाल्याचं मोजून दाखवलं आहे. हेच स्नायू पाठ तोलून धरतात. माणसाच्या कंबरदुखीत मी ज्यांच्यासाठी व्यायाम देते, तेच. छातीच्या हाडाखाली बोटांनी हलकेच खाजवलं की घोडा पोट आवळून पाठ वर उचलतो. दिवसभर खोगिराखाली दबलेल्या पाठीला याहून स्वस्त व्यायाम मला माहीत नाही. खर्च काय तर किलोभर गाजरं आणि एक शिकवलेला माणूस.

मनाच्या विश्रांतीचंही तेच. घोडे एकमेकांना जिथं चावून खाजवतात ती जागा म्हणजे मानेचं मूळ, खोगिराच्या पुढे. तिथं खाजवलं की हृदयाचे ठोके कमी होतात, हे फ्रान्समधल्या संशोधकांनी १९९३ साली मोजलं. विश्रांतीत मोठ्या घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात. स्वारीनंतर दहा-पंधरा मिनिटांनीही ते साठच्या वर राहत असतील तर त्याला पुढची स्वारी देऊ नये, इतकं साधं गणित घड्याळ आणि दोन बोटांवर होतं. सैल झालेला घोडा ओळखायला तर काहीच लागत नाही. डोकं खाली येतं, खालचा ओठ लोंबतो, तो ओठ चाटतो, एक मागचा पाय सैल सोडून नुसतं टोक टेकवून ठेवतो. आमच्या स्टँडवर डिजे लावलेल्या चहाच्या टपरीशेजारी हे बघायला मिळत नाही, एवढंच.

हे सगळं सांगताना एक मर्यादाही नोंदवते. मालिशीनं लंगड बरी होत नाही. ताप, सूज, उघडी जखम असेल तर हात लावायच्या आधी पशुवैद्य हवा. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकाच्याच अखत्यारीत आहेत, आणि मी माणसांची थेरपिस्ट म्हणून घोड्यांचा दवाखाना थाटायला निघालेली नाही. मला हवा आहे तो पशुवैद्य, जो नियमित येईल आणि ज्याच्या देखरेखीखाली घोडेवाल्यांच्या पोरांना हे शिकवता येईल. मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, साताऱ्याकडे शिरवळला आहे. विद्यार्थ्यांना इंटर्नशिप करावीच लागते. एकाच जातीच्या कष्टाच्या इतक्या जनावरांचा अभ्यास करायला डोंगरावरच्या स्टँडइतकी चांगली जागा त्यांना कुठे मिळणार?

घोडेच बंद करा म्हणणाऱ्या मंडळींनाही दोन शब्द, कारण हे पत्र त्यांच्याही वाचनात येईल. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा असल्याचा निकाल उच्च न्यायालयानं २०१५ साली दिला. तिथल्या घोड्यांची अवस्था वाईट होती, वाद नाही. पण बंदीच्या दिवशी घोड्याचा चारा बंद होतो, हेही तितकंच खरं आहे. माथेरानमध्ये ई-रिक्षा आल्या. माणसानं माणूस ओढायच्या हातरिक्षा थांबवायला सर्वोच्च न्यायालयानं २०२५ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं, ते योग्यच झालं. ई-रिक्षांमुळे घोड्यांवरचा सामानाचा बोजा खरोखर कमी होणार असेल तर मला आनंदच आहे. सिलिंडर आणि सिमेंटची पोती घोड्यांनी वाहावीत असं कुठल्याही घोडेवाल्याच्या घरात कुणाला वाटत नाही. पण जे घोडे राहणार आहेत, त्यांचं उत्पन्न घटलं की पहिली काटकसर खुराकात आणि नालात होते. याचा हिशेब कुठल्याही बैठकीत झालेला मी ऐकला नाही.

आमच्या मागण्या लिहून देते, म्हणजे ‘नेमकं काय हवं ते कळलं नाही’ असं उत्तर यायला नको.

स्टँडमागच्या मातीच्या जागेवरचं सुशोभीकरण रद्द करा. ती जागा घोड्यांच्या विसाव्यासाठी राखून ठेवा: अर्ध्या भागावर छप्पर, खाली माती आणि वाळू, वाहतं पाणी, कर्णे-डिजे बंद. प्रत्येक गिरिस्थानावर अशी एक तरी जागा असावी.

परवाना देताना आणि दर सहा महिन्यांनी नोंदणीकृत पशुवैद्यकाकडून चाल, पाठ, खूर आणि खोगीर यांची तपासणी करा. घोड्याबरोबर खोगिराचीही नोंद ठेवा. तपासणीत नापास झालेल्या घोड्याला सक्तीची विश्रांती द्या आणि त्या काळात मालकाला परवाना फीत सूट व चाऱ्याला मदत द्या. मदतीशिवाय सक्ती केलीत तर लोक लंगडा घोडा अंधारात चालवतील, हे मी घोडेवाल्याच्या घरात वाढले म्हणून सांगते.

स्वाराच्या वजनाची मर्यादा ठरवा, ती प्रत्येक स्टँडवर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लावा. मोठ्या माणसाबरोबर मूल बसवणं बंद. १९६५ च्या नियमांतली कामाची मर्यादा, म्हणजे दिवसाला नऊ तास आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, ही पाटीवर लिहा. ३७ अंशांवर तापमान गेलं तर दुपारी बारा ते तीन काम नाही, तेही लिहा. पाळली जाते की नाही ते बघायला एक माणूस नेमा.

पावसाळ्याच्या बंद महिन्यांत घोडेवाल्यांसाठी प्रशिक्षण घ्या: खरारा-मालिश, ताणाचे व्यायाम, नाडी मोजणं, प्रथमोपचार. दोन-तीन तरुणांना नालबंदीचं आणि खोगीर भरण्याचं काम शिकायला पाठवा. माणसांच्या शरीराच्या बाबतीतलं शिकवायला मी येईन, मानधन नको.

आणि घोड्यांच्या परवान्यातून वर्षाला किती रक्कम जमा होते, त्यातली किती घोड्यांवर खर्च होते, ते दोन आकडे शेजारी शेजारी छापून नोटीस बोर्डावर लावा.

ब्लॉकच्या कामाची निविदा उघडण्याआधी या पत्राचं लेखी उत्तर मिळावं. नाही मिळालं तर माहितीच्या अधिकारात हेच प्रश्न एकेक करून विचारू, आणि पुढच्या परवाना तपासणीला घोडेवाले आपापला घोडा खोगीर उतरवून उभा करतील. त्या दिवशी पाठी मोजायला आपण स्वतः यावं.

कळावे,
आपली,
एका घोडेवाल्याची मुलगी, व्यवसायानं फिजिओथेरपिस्ट